टेपचं दुसरं टोक

उस्मानपुऱ्यात एखाद्या गाळ्याचं शटर महिनाभर अर्धं खाली राहिलं, की अख्ख्या परिसराची विचारशक्ती कामाला लागते. मोबाईलचं दुकान निघणार असेल तर आधी बोर्ड लागतो, माल नंतर येतो. मेडिकल निघणार असेल तर आधी फ्रिज येतो. क्लासेस निघणार असतील तर दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आधी लागतात, ती मुलं त्या क्लासला गेलेली असोत वा नसोत. पण काचेला काळी फिल्म चढली, दाराच्या आत आणखी एक दार बसलं आणि बाहेर एसीचे चार डबे एका रांगेत टांगले गेले, की कुणाला काही विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलवर बातमी पक्की होते, "परमिट रूम येऊ राहिलं."

मग वस्तीत दोन पक्ष पडतात. पहिला विरोध करणाऱ्यांचा. दुसराही विरोध करणाऱ्यांचाच, फक्त तो आधी मेन्यूकार्डाची चौकशी करतो आणि मग विरोध करतो.

दोन्ही पक्ष मिळून निवेदन तयार करतात. निवेदनाचा मजकूर आपल्याकडे ठरलेला आहे. 'वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात, मध्ये माता-भगिनी, विद्यार्थी आणि कायदा व सुव्यवस्था, आणि शेवटी तीव्र आंदोलन व त्याच्या परिणामास जबाबदार राहणारं प्रशासन. आमच्या झेरॉक्सवाल्याकडे असं एक निवेदन कॉम्प्युटरवर कायम तयार असतं. मूळचं ते पाण्याचं आहे. त्यात 'पाणी'च्या जागी 'दारू' टाकलं की काम भागतं, असं त्याला वाटलं. शंभर सह्या झाल्यावर कुणीतरी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली : 'नागरिकांना दारू नियमित व पुरेशा दाबाने मिळालीच पाहिजे.' सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही ती खटकली नव्हती.

दुरुस्त निवेदन घेऊन मंडळी नगरसेवकाकडे गेली. संभाजीनगरात नगरसेवक कोणाला म्हणायचं, हाही बराच काळ एक प्रश्नच होता. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकानं हाकला. त्या काळात जुन्यांना 'माजी' म्हटलेलं चालत नसे आणि नव्यांना 'भावी' म्हटल्याशिवाय चालत नसे. आमच्या माजींनी निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, फोटो काढू दिला आणि म्हणाले, "काका, नाली तुंबली असती तर आत्ताच्या आत्ता माणूस पाठवला असता. हे मात्र आपल्या हातात नाही."

राजकारणी माणूस खरं बोलला, याचाच मंडळींना जास्त धक्का बसला. कारण महाराष्ट्रात बारचा परवाना महापालिका देतच नाही. इंग्लंडात २००३ च्या कायद्यानंतर हे काम स्थानिक कौन्सिलकडे आहे. तिथे शेजारी हरकत घेतात, समिती सुनावणी घेते आणि कोणीतरी हो किंवा नाही म्हणतं. आपल्याकडे परवाना जिल्हाधिकारी देतात, ते राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अहवालावर. तो अहवाल पोलिसांच्या अहवालावर. महापालिका इमारत, वापर, आग विझवायची सोय वगैरे पाहते. प्रत्येकजण आपापल्या पुरतं 'आमची हरकत नाही' असं लिहून कागद पुढे सरकवतो. हरकत नसलेल्यांची साखळी पूर्ण झाली की बार सुरू होतो. 'इथे बार असावा' असं मात्र या साखळीत कुणीच म्हटलेलं नसतं.

ज्या कायद्याखाली हे परवाने मिळतात, त्याचं नावच दारूबंदी कायदा. १९४९ चा. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. आम्ही निजामाच्या राजवटीतून नुकते सुटलो होतो आणि त्या राजवटीत आबकारी म्हणजे खजिन्याचा मोठा आधार. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि मुंबईचा दारूबंदी कायदाही यथावकाश आमच्याकडे आला. पुढे बंदी ढिली झाली, पण कायदा तोच राहिला. त्यामुळे महाराष्ट्रात आजही दारूबंदी आहे आणि दारूही आहे, आणि दोघांचं कार्यालय एकच आहे.

या कायद्यानं नुसत्या विकणाऱ्याला नाही, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशीचा एक दिवसाचा ५ रुपये, देशीचा २. वर्षाचा १०० आणि आजन्म परवाना हजार रुपये. ज्याला आपल्या प्रकृतीची खात्री नाही त्यानं एकेक दिवसाचा घ्यावा, अशी ही सोय. गंमत म्हणजे परवान्याच्या लेखी माणूस पितो तोच मुळी प्रकृती राखण्यासाठी. वयाचीही अट आहे. बिअरला २१ पूर्ण, कडक मालाला २५. आता पुरुषाचं लग्नाचं वय २१, महापालिकेची निवडणूक लढवायचं वय २१, आमदारकीचं २५. म्हणजे बिअर, बायको आणि नगरसेवकपद यांना सरकारनं एका पंगतीला बसवलं आहे, तर व्हिस्की आणि विधानसभा यांना दुसऱ्या. धोरण ठरवणाऱ्याला कुठून तरी अनुभव असणार.

तर माजींनी हात वर केल्यावर मंडळींनी नियमांकडे मोर्चा वळवला. शाळा आणि देवस्थानापासून परमिट रूम ठरावीक अंतरावर हवं, असा नियम आहे. हे कळल्यावर वस्तीत आनंद झाला, कारण उस्मानपुऱ्यात कुठेही उभं राहून दगड भिरकावला तर तो शिक्षणावर नाहीतर श्रद्धेवर पडतो. गुरुद्वारा आहे, मशिदी आहेत, देवळं आहेत, शासकीय तंत्रनिकेतन आहे. संत एकनाथ रंगमंदिर आहे, जिथे गडकऱ्यांचा 'एकच प्याला' लागला तर मध्यंतरात चहा मिळतो. आणि क्लासेस तर इतके आहेत, की पाचनंतर रस्त्यावर माणसांपेक्षा सॅक जास्त दिसतात.

पण नियम वाचत गेलं तसा आनंद ओसरला. खासगी शिकवणी म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे, असं नियम म्हणतो. पालक त्याच शिकवणीसाठी कर्ज काढतात ही गोष्ट वेगळी. देवस्थानालाही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी हवी. पिंपळाखालचा शेंदूर फासलेला मारुती चाळीस वर्षं नवसाला पावत असेल, पण धर्मादाय आयुक्तांकडे त्याची फाईल नसेल तर अंतरासाठी तो धरला जात नाही. वस्तीतल्या बऱ्याच देवांची अशी पंचाईत झाली. शेवटी एक नोंदणीकृत देऊळ सापडलं आणि प्रत्यक्ष मोजणीचा दिवस ठरला.

आमच्या इमारतीत एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. आयुष्य बांधकाम खात्यात गेलं. त्यांच्याकडे कातडी डबीतला लांबलचक स्टीलचा टेप आहे आणि तो ते कुणाला हात लावू देत नाहीत. "अंतर कावळा उडतो तसं धरायचं नसतं," त्यांनी सकाळी आठ वाजता देवळाच्या फाटकासमोर सांगितलं. "माणूस नेहमी ज्या वाटेनं चालतो त्या वाटेनं. फाटकाच्या मध्यापासून दाराच्या मध्यापर्यंत." आता आमच्याकडे माणूस नेहमी ज्या वाटेनं चालतो ती वाट दुभाजकावरून जाते. ओव्हरसियर काकांनी साठीतही दुभाजक ओलांडला, पण टेप सरळ धरून.

अडचण वेगळीच निघाली. टेपला दोन टोकं असतात. एक देवळापाशी, ते धरायला सहा जण पुढे आले. दुसरं बारच्या दारापाशी, ते धरायला कुणी तयार होईना. आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींचे व्याही समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. सकाळी आठला आपण बारच्या दारात ओणवे झालेले त्यांना दिसलो तर मुलीचं सासर आहे, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचे विद्यार्थी त्याच रस्त्यानं क्लासला जातात. आमच्यातला एक तरुण तयार झाला, तर त्याचे वडील म्हणाले, "तुला दार कुठंय ते कसं माहीत?" त्यावर त्यानं दोन्ही हात खिशात घातले ते घातलेच.

शेवटी टोक धरलं ते त्या गाळ्यावरच्याच वॉचमननं. "लाओ चाचा, मैं पकडतूं," असं म्हणत त्यानं टेपचं कडं दाराच्या बरोबर मध्यावर टेकवलं, वर अंगठा ठेवला आणि मोजणी संपेपर्यंत हलला नाही. आमच्या आंदोलनातला तेवढा एकच माणूस शेवटपर्यंत जागेवर टिकला. अंतर नियमापेक्षा हातभर जास्त भरलं. सगळे हिरमुसले. कुणी म्हणालं, टेप सैल होता. कुणी म्हणालं, उन्हाचा परिणाम. तेवढ्यावर ओव्हरसियर काकांमधला इमानी सरकारी माणूस जागा झाला. "उन्हानं टेप लांबतो," ते म्हणाले, "म्हणजे खरं अंतर याहून थोडं जास्तच असणार." सेक्रेटरींनी त्यांना दंडाला धरून सावलीत नेऊन बसवलं. वॉचमननं आकडा वहीत लिहून घेतला.

अंतर मोजून नीती ठरवायची ही सवय काही उस्मानपुऱ्याची नाही, ती थेट दिल्लीहून आलेली आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. कारण गंभीर होतं, रस्त्यांवर माणसं मरत होती. १ एप्रिल २०१७ पासून अंमल ठरला. लहान गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं. यावर देशानं दारू कमी केली नाही, अंतर वाढवलं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका बारनं दारापुढे भिंती उभारून असा चक्रव्यूह बांधला, की बार जागच्या जागी राहिला आणि चालायचं अंतर मात्र नियमात बसलं. आत जाताना माणूस अभिमन्यू होईलच, बाहेर येताना तर नक्कीच.

महाराष्ट्रानं भिंतींवर खर्च केला नाही, कागदावर भागवलं. बार हलत नसेल तर महामार्ग हलवावा, हा विचार पुढे आला. शहरातून जाणाऱ्या राज्यमार्गांचा दर्जा काढून ते महापालिकांच्या ताब्यात द्यायचे. डांबर तेच, खड्डे तेच, पण रस्ता आता महामार्ग नाही. जळगावात या हस्तांतरणावरून नागरिकांनी रान उठवलं, कारण असलेले रस्ते दुरुस्त करायला महापालिकेकडे पैसे नव्हते आणि त्यात हे नवे आले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानंच शहरी हद्दीला त्या आदेशातून मोकळं केलं. परवाना महापालिका देत नाही असं वर म्हटलं ते खरं, पण परवान्यापायी खड्डे सांभाळायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना पहिली आठवण तिचीच झाली.

आता कुणी म्हणेल, लोकांना थेट विचारावं की! तीही सोय आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्या घरात बाटली उभी असली की नवरा आडवा असतो, त्या घरातल्या बाईला हे चिन्ह समजावून सांगावं लागत नाही. राज्यात कितीतरी गावांत बायकांनी बाटल्या आडव्या केल्या आहेत आणि त्यासाठी पाण्याच्या टँकरची पाळी सोडून, मजुरी बुडवून त्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. इथे विनोदी लेखकानं दोन मिनिटं गप्प बसावं हे बरं.

पण मेख आकड्यात आहे. त्या आदेशात झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी मतदानाला आली नाही ती उभ्या बाटलीची. लग्न होऊन पुण्याला गेली पण नाव यादीतच राहिलं, तीही उभ्या बाटलीची. आमच्या शेजारच्या आजी वारकरी होत्या. आयुष्यात त्यांनी खोकल्याचं औषधही वास घेऊन प्यायलं. त्या वारल्या, त्यांचं नाव काही यादीतून निघालं नाही. उद्या आमच्या वॉर्डात असं मतदान झालं तर त्या माउलीचं मत दारूच्या बाजूनं मोजलं जाईल. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवायचा हाच नियम आमदारकीला लावला, तर विधानसभेत अधिवेशन घ्यायला मार्शलच उरतील.

सरकारचीही बाजू समजून घ्यावी. मधल्या मध्ये त्याची फार ओढाताण होते. १२ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं ठरवलं, की दारू विकणाऱ्या दुकानांच्या पाटीवर महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. निर्णय उत्तमच, महाराजांच्या गडावर 'चिल्ड बिअर मिळेल' ही पाटी कुणालाच नको. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २७ जानेवारीला, त्याच मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी दिली. पुढे इतका गदारोळ झाला की तो निर्णय अमलात आलाच नाही, नाहीतर यादीत साबुदाणा, शेंगदाणे आणि त्याखाली ती, असा महिन्याचा बाजार भरला असता.

जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जास्त येतील, असा अंदाज. चहाच्या हॉटेलवर लगेच हिशेब झाला, की लाडक्या बहिणीचे दीड हजार आता भाऊजी भरणार. करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलैला राज्यभरातल्या बारमालकांनी बंद पाळला. दारूबंदीवाल्यांना जे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जमलं नाही, ते बारवाल्यांनी एका सोमवारी करून दाखवलं.

आमच्या शहराची तऱ्हा तर आणखी न्यारी. नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते पंचांगवालाही सांगत नाही आणि आजूबाजूच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे, मद्याचे कारखाने. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या घरी न येणारं पाणी जातं कुठे. पुढे मे २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं उघडायची चर्चा सुरू झाली आणि तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी उघडून तर पाहा, रस्त्यावर उतरू, असा इशारा दिला. त्या दिवसांत आम्ही एकाच वेळी दोन रांगांची वाट पाहत होतो आणि टँकर आधी आला.

तर इतक्या सगळ्यांनी मिळून जे ठरवलं नाही, ते ठरवायची संधी शेवटी आमच्याच दारात आली. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क खातं सांभाळणारे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातल्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा मद्याचं दुकान काढायचं, तर त्या संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. पुढे यथावकाश आमच्या अपार्टमेंटखालच्या गाळ्यासाठी बिअर शॉपीची विचारणा आली. सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभा बोलावली. लिफ्टच्या सभेला चार, टाकीच्या सभेला पाच आणि हिशेबाच्या सभेला स्वतः सेक्रेटरीही न येण्याची आमची परंपरा. या सभेला गच्चीवर सतरंजी कमी पडली.

चर्चा उच्च पातळीवर झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मुलं खाली खेळतात, मला हे चालायचं नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "मेंटेनन्स डबल देणार आहे म्हणे?" टाळ्या थांबल्या. एकानं लिफ्टचा विषय काढला, दुसऱ्यानं रंगाचा. कोपऱ्यातून दबक्या आवाजात आलं, "सभासदांना काही कन्सेशन?" त्याचा सर्वांनी निषेध केला आणि उत्तर ऐकायला मान वळवली. वहिनींनी सरळ मतदान घ्या म्हटलं. पण मतदान घ्यायचं म्हणजे हात वर करावा लागणार, आणि कुणाचा हात वर गेला ते गाळेवाल्याला, बायकोला आणि शेजाऱ्याला, तिघांनाही दिसणार.

अध्यक्षांनी मार्ग काढला. जिल्हाधिकारी आहेत, पोलीस आहेत, उत्पादन शुल्काचे साहेब आहेत. एवढी मोठी माणसं असताना आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? ओव्हरसियर काकांनी सरकारी मराठीत ठराव सांगितला आणि सेक्रेटरींनी तो रजिस्टरात उतरवला : 'प्रस्तुत विषयी सक्षम प्राधिकाऱ्यांनी नियमानुसार योग्य तो निर्णय घ्यावा. त्यास संस्थेची हरकत नाही.' वहिनी तेवढ्या उठून गेल्या. बाकी ठराव एकमतानं मंजूर झाला, सह्या झाल्या, शिक्का बसला आणि कुठलाही निर्णय न घेतल्याच्या समाधानात मंडळी जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळेवाला पेढे घेऊन आला. त्याला अख्खा ठराव नको होता. त्यानं फक्त शेवटच्या ओळीची झेरॉक्स मागितली.